घाटकोपरचा शिळाछाप आणि जपानचे लाकूडठसे

जपान म्हटले की वसई आणि साष्टीच्या ख्रिस्ती वाचकाला प्रथम आठवतो तो संत गोन्सालो गार्सिया. वसईचा हा सुपुत्र ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर हुतात्मा झाला आणि १८६२ साली संतपदाला पोहोचला. त्याच सुमारास आपल्या किनाऱ्याचा आणि जपानचा आणखी एक संबंध जुळला होता, त्याची आठवण मात्र फारशी कोणी ठेवलेली नाही. युरोपला जाऊन आलेले चार जपानी ख्रिस्ती तरुण परतीच्या वाटेवर गोव्यात थांबले. त्यांच्यासोबत एक छापखाना होता. त्या छापखान्यावर १५८८ साली गोव्यात त्यांच्यापैकी एकाचे लॅटिन भाषण छापले गेले आणि १५९० साली तो छापखाना जपानला पोहोचला. १५५६ पासून मुद्रणकला नांदत असलेल्या गोव्याने अशा रीतीने जपानच्या छपाईला वाटेत मुक्कामाची जागा दिली.

पुढे जपानने ती सुट्या खिळ्यांची छपाई बाजूला ठेवली आणि तो आपल्या जुन्या लाकडी ठशांकडे वळला. यात मागासलेपण नव्हते. जपानी लिपीची वळणदार अक्षरे आणि चित्र एकाच फळीवर कोरता येत होते, मग खिळे जुळवण्याचा खटाटोप कशाला? आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकात असेच घडले. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापले ते शिळाछापावर, कारण दगडावर बालबोध आणि मोडीचे वळण जसेच्या तसे उमटत होते. छपाईची पद्धत लोक आपल्या गरजेप्रमाणे निवडतात, आणि त्या पद्धतीतून पुढे काय छापले जाते हेही त्यांच्या आवडीनिवडीवरच ठरते. प्रस्तुत लेखात आम्हांला विचार करायचा आहे तो या दुसऱ्या गोष्टीचा. जपानच्या सामान्य माणसाने स्वस्त चित्रात निसर्ग आणि करमणूक पाहिली. आमच्या मुंबईच्या उपनगरात स्वस्त चित्रांचा मोठा कारखाना उभा राहिला, तेव्हा त्यात काय छापले गेले, आणि काय छापायचे राहून गेले?

तरत्या जगाची चित्रे

१६०३ पासून १८६८ पर्यंतच्या काळाला जपानच्या इतिहासात एदो काळ म्हणतात. एदो म्हणजे आजचे तोक्यो. अठराव्या शतकात या नगरीची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात गेली होती. कारागीर, दुकानदार, हमाल, नट आणि शागीर्द अशा लोकांच्या हातांत थोडा पैसा खुळखुळू लागला. सत्ता सरदारांची होती, पण संध्याकाळ या लोकांची होती. त्यांच्या नाटकशाळा, मल्लांचे आखाडे, चहाची दुकाने आणि नदीवरच्या नौका यांच्या जगाला ते ‘तरते जग’ म्हणत, आणि त्या जगाच्या चित्रांना ‘उकियो-ए’. हे जग क्षणभंगुर आहे असे बौद्ध भिक्षू दुःखाने सांगत. एदोच्या लोकांनी तोच शब्द उचलला आणि क्षणभंगुर आहे म्हणूनच ते डोळे भरून पाहावे, असा त्याचा अर्थ केला.

ही चित्रे एका हाताची नसत. प्रकाशक विषय ठरवी व पैसा घाली. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. कोरक्या तो कागद रानचेरीच्या फळीवर पालथा चिकटवी आणि रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड काढून टाकी. मूळ रेखाटन त्यातच नाहीसे होई. प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी लागे. कागद दर वेळी नेमक्या जागी बसावा म्हणून फळीच्या कडेला दोन खुणा कोरलेल्या असत. शेवटी छापणारा बांबूच्या पातीत गुंडाळलेल्या गोल चकतीने कागदाची पाठ घासून रंग उतरवी. आकाशाचा निळा रंग वरून खाली फिकट होत जाताना दिसतो, तो फळीवरचा रंग दर वेळी हाताने पुसून साधलेला असे. १७६५ च्या सुमारास हारुनोबूच्या काळात अशी बहुरंगी छपाई रूढ झाली. तिला निमित्त मिळाले ते रसिक मंडळी एकमेकांना भेट देत असलेल्या दिनदर्शिकांचे.

एका चित्राची किंमत साधारणपणे शेवयांच्या एका वाडग्याइतकी असे. त्यामुळे ती मजुरालाही घेता येत. लोक ती भिंतीवर चिकटवत, पंख्याला लावत, गावी जाताना भेट म्हणून नेत, आणि जुनी झाली की टाकून देत. आवडत्या नटाच्या नव्या भूमिकेचे चित्र काही दिवसांत बाजारात येई. मल्लांची चित्रे निघत, र्योगोकू पुलावरच्या आतषबाजीची निघत, चेरी फुलल्यावर टेकडीवर जेवणाचे डबे घेऊन बसलेल्या कुटुंबांचीही निघत. निसर्ग आणि करमणूक यांची तेथे फारकत नव्हती. फुले पाहणे, चंद्र पाहणे, पहिला बर्फ पाहणे, ओहोटीच्या वेळी शिंपल्या वेचणे हीच करमणूक होती. उतामारोने १७८८ साली कीटकांचे जे चित्रपुस्तक केले, त्यात टोळ आणि चतुर जितक्या आदराने काढले आहेत तितक्या आदराने पुष्कळ राजेही कोणी काढलेले नाहीत.

होकुसाईची फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये १८३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत निघाली. लोकांची मागणी इतकी झाली की छत्तीस म्हणता म्हणता ती शेचाळीस झाली. या चित्रांचा नायक फुजी खरा, पण चित्राच्या पुढल्या भागात असतात ते पिंपे करणारा कारागीर, लाकूड कापणारे करवतकरी आणि लाटांत सापडलेले नावाडी. हिरोशिगेने १८३३-३४ मध्ये तोकाइदो या राजमार्गावरील त्रेपन्न मुक्काम रंगवले. १८५६ ते १८५८ मध्ये त्याने एदोची शंभरावर दृश्ये काढली. त्यांतील कितीतरी दृश्ये शहराच्या मध्यातली नाहीत. जेथे घरे संपतात आणि भाताची खाचरे सुरू होतात, अशा वेशीवरची ती आहेत. आजच्या भाषेत त्यांना उपनगरांची चित्रे म्हणता येईल.

हे सर्व मुक्त वातावरणात घडले असे मात्र समजू नये. १७९० पासून प्रत्येक चित्रावर परीक्षकाचा शिक्का लागे. १८४२ साली तर नटांची आणि गणिकांची चित्रे छापण्यावर बंदी आली. प्रकाशकांनी मग निसर्गदृश्ये आणि वीरपुरुष यांवर अधिक भर दिला. सरकारची खप्पा मर्जी चुकवण्याचीही ती एक वाट होती. कला आणि पोट यांचा असा संसार सर्वत्रच चालतो.

घाटकोपरचे दगड

आता आपण साष्टी बेटावर येऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली ती कुर्ला-भांडुपच्या शिवारांतून. पुढची अर्धीअधिक शतके ही सगळी गावे ठाणे जिल्ह्यात होती. मुंबई उपनगर जिल्हा झाला तो १९२० साली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मिठागरे, मध्ये भातशेती असा हा मुलूख होता. त्यातल्या घाटकोपर या गावाशी राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचे नाव जोडलेले आहे. हा छापखाना १८९४ साली सुरू झाला.

केरळातील किळिमानूरचे हे चित्रकार (१८४८-१९०६) तेव्हा संस्थानिकांचे लाडके होते. त्यांच्या तैलचित्रांना मागणी इतकी होती की हातांनी ती पुरवणे अशक्य होते. चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, असा सल्ला त्यांना सर टी. माधवराव यांनी दिला होता. रविवर्म्यांनी आणि त्यांचे बंधू सी. राजा वर्मा यांनी तो प्रत्यक्षात आणला. यंत्रे जर्मनीची होती आणि तंत्रज्ञही जर्मन. पद्धत शिळाछापाची. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, वर शाई फिरवायची. पाणी शाईला दूर ठेवते आणि तेलकट रेघ तिला धरून ठेवते. येथेही जपानी ठशाप्रमाणेच प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड, आणि कागद तसूभरही न सरकता पुन्हा पुन्हा दाबायचा. शेवटी वर रोगण चढवीत, म्हणजे कागद तैलचित्रासारखा चमके. छापखान्याचे पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे होते, असे सांगतात.

त्या चित्रांनी हिंदुस्थानचे घर बदलले. ज्यांना देवळाचा उंबरठा ओलांडू दिला जात नव्हता, त्यांच्याही घरी लक्ष्मी आणि सरस्वती काही आण्यांत येऊन भिंतीवर बसल्या. धंदा म्हणून मात्र छापखान्याने त्याच्या निर्मात्याला सुख दिले नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि माणसे शहर सोडून पळू लागली. १८९९ च्या सुमारास छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवण्यात आला. कर्ज वाढले होते. नव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्यांनी तो आपला जर्मन तंत्रज्ञ फ्रित्झ श्लायशर याला विकून टाकला. श्लायशर व त्याच्या वारसांनी तो पुढे चालवला आणि १९७२ साली लागलेल्या आगीत तो भस्मसात झाला. घाटकोपरचा त्याचा काळ असा पाचएक वर्षांचा. आज घाटकोपर स्थानकात उतरणाऱ्या हजारो प्रवाशांना आपण चित्रांच्या गावी उतरतो आहोत, याची कल्पनाही नसते.

काय छापायचे राहून गेले

दोन्हीकडे स्वस्त रंगीत चित्र होते, दोन्हीकडे गिऱ्हाईक सामान्य माणूस होता. मग एदोच्या चित्रात पावसात धावणारे हमाल आले आणि घाटकोपरच्या चित्रात आगरी-कोळी का आले नाहीत? रविवर्म्यांच्या चित्रांत निसर्ग नाही असे नाही. तळे आहे, कमळे आहेत, हरिण आहे. परंतु तो निसर्ग रंगभूमीवरील पडद्यासारखा मागे टांगलेला आहे. याचे नवलही वाटू नये, कारण त्या काळचा मराठी रसिक संगीत नाटकाने भारलेला होता. किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले होते. चित्रातली शकुंतला आणि नाटकातली शकुंतला एकाच मनोभूमीतून आलेल्या आहेत. करमणूक चित्रात आली ती अशी, पुराणाचा शेला पांघरून.

आमच्या मते खरे कारण भिंतीत आहे. जपानी माणूस चित्र विकत घेई ते पाहण्यासाठी आणि मग सोडून देण्यासाठी. आपला माणूस चित्र घेई ते चौकटीत बसवून त्याला हार घालण्यासाठी. जे टाकायचे नाही ते पवित्र असले पाहिजे, आणि जे पवित्र नाही त्यावर चार आणे का खर्चावेत, असा तो हिशेब होता. यात आम्ही ख्रिस्ती लोक वेगळे नव्हतो. आमच्याही घरांतल्या वेदीवर येशूच्या पवित्र हृदयाचे आणि मरियामातेचे युरोपात छापलेले चित्र असे, आणि त्याच्यापुढे दिवा तेवत असे. शेजारच्या घरची लक्ष्मी आणि आमच्या घरची मरियामाता यांचे देव्हारे वेगळे असतील, पण दोन्ही घरांना ज्या चित्राची गरज वाटली त्याची जात एकच होती. त्या श्रद्धेविषयी आम्हांला आदरच आहे. खंत आहे ती एवढीच, की दोघांच्याही भिंतींवर आपल्या गावाचे चित्र नव्हते.

दैनंदिन जीवन चित्रात आलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते लहान कागदावर आले. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) १८९० साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले आणि पुढे तेथेच अध्यापक झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्या चित्रांची पोस्टकार्डे निघाली. नाना जातिधर्मांची मुंबईची माणसे, त्यांचे पोशाख, त्यांच्या लकबी यांनी ती भरलेली आहेत. एस. एम. एडवर्ड्स यांच्या १९१२ सालच्या मुंबईवरील पुस्तकाला धुरंधरांचीच चित्रे आहेत. माणसाच्या चालण्याबोलण्यावर मनापासून प्रेम करणारा असा डोळा एदोत जन्मता, तर प्रकाशकांनी त्याच्या दारापुढे रांग लावली असती.

दुसरा लहान कागद म्हणजे काडेपेटीचे लेबल. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या बाजारात जपानी काडेपेट्या मोठ्या प्रमाणात येत. जपानात ही लेबले सुरुवातीला लाकडी ठशांवरच छापली जात. हिंदी गिऱ्हाईकाला रुचावे म्हणून जपानी कारागीर त्यांवर आपले देव, हत्ती, वाघ छापू लागले. १९२३ साली स्वीडिश भांडवलाने विम्को कंपनी स्थापन झाली, अंबरनाथला तिचा कारखाना निघाला आणि परदेशी पेट्यांचा ओघ आटला. तोवर मात्र उपनगरातील कित्येक स्वयंपाकघरांत चुलीशेजारी जपानी ठशांच्या परंपरेचा बोटभर तुकडा पडलेला असे. तो कोणी जपला नाही, कारण तो कचरा होता.

बोरिवलीच्या डोंगरातील भिंती

आपल्या परिसरात निसर्ग आणि करमणूक यांची चित्रे कोणी काढलीच नाहीत काय? काढली, पण ज्यांच्याजवळ कागदही नव्हता त्यांनी. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात आणि आरेच्या परिसरात वारल्यांचे पाडे आहेत. ठाणे-पालघरच्या वारली समाजाशी त्यांचे नाते आहे. कुडाच्या भिंतीवर गेरू किंवा शेणाचा सारवा देऊन तांदळाच्या पिठाने काढलेल्या या चित्रांत लग्नाचा चौक असतो, त्यात पालघट देवी असते. आणि चौकाबाहेर सगळे जग असते. तारपा वाजवणाऱ्याभोवती हात धरून फिरणारी माणसांची रांग असते. मासेमारी, शिकार, भाताची लावणी, ताडीच्या झाडावर चढणारा माणूस, मुंग्या, मोर असे सारे असते. माणूस झाडापेक्षा मोठा नाही आणि मुंगी माणसापेक्षा क्षुल्लक नाही. होकुसाईला हे पाहायला मिळते तर तो खचितच थबकला असता.

१९७० नंतर भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने या कलेकडे शहराचे लक्ष वेधले. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांनी ती भिंतीवरून कागदावर आणली. १९७५ साली त्यांच्या चित्रांचे मुंबईत प्रदर्शन भरले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि येथे आमची कथा वळसा घेऊन पुन्हा जपानला पोहोचते. नीगाता प्रांतातील तोकामाची येथे, बर्फाळ डोंगरातील एका जुन्या शाळेच्या इमारतीत, १९८२ साली मिथिला संग्रहालय स्थापन झाले. बिहारच्या मधुबनी चित्रांबरोबर तेथे वारली चित्रेही जपून ठेवलेली आहेत. आपल्या पाड्यावरील पिठाच्या रेषेचे मोल जपानी माणसाला कळले. ज्यांच्या पूर्वजांनी शेवयांच्या किमतीत निसर्ग विकत घेतला, त्यांना ते कळणारच.

आपली शंभर दृश्ये

हिरोशिगे साष्टीत जन्माला आला असता तर त्याने काय काढले असते, असा विचार आम्ही कधी कधी करतो. अंधेरीच्या भातशेतीतून एकाएकी वर उठणारी गिल्बर्ट टेकडी त्याने खास फुजीसारखी मागे ठेवली असती. पावसाळ्यात भरून वाहणारा विहार तलाव, मुलुंड-भांडुपच्या मिठागरांतले पांढरे ढीग, बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवर उभे असलेले पोर्तुगीज मठाचे भग्न अवशेष आणि त्यांच्या सावलीत विसावलेली गुरे, मनोरीची मचव्यांची रांग, गावठाणातले लग्न, उंबराचे पाणी आणायला घुमटाच्या तालावर निघालेल्या लुगडी नेसलेल्या बाया, हे सर्व त्याने काढले असते. अवजड दागिने आणि लाल लुगडे यांवर त्याच्या छापणाऱ्याने सगळे कसब पणाला लावले असते. आमच्या पूर्वजांनी १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, संस्था काढली, शाळा काढल्या. परंतु आपल्या सणांचे, शेताचे, खेळांचे चित्र कोणाकडून छापून घ्यावे, असे त्यांना वाटले नाही. त्यांना दोष कसा द्यावा? आपण रोज जे पाहतो ते एक दिवस दिसेनासे होईल, हे कोणालाच खरे वाटत नसते. एदोच्या लोकांना ते ठाऊक होते, म्हणून तर त्यांनी आपल्या जगाला ‘तरते’ म्हटले.

काही वर्षांपूर्वी अंधेरी भागातील एका गावठाणात आमच्या परिचयाचे एक जुने घर पाडले गेले. वेदीवरची चित्रे कुटुंबाने आदराने नव्या सदनिकेत नेली. ते योग्यच झाले. पण माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. तीत जुनी कॅलेंडरे, सणाच्या जत्रेची हस्तपत्रके, तियात्राच्या जाहिराती, लग्नपत्रिका आणि काही पिवळी पडलेली छायाचित्रे होती. एका छायाचित्रात विहिरीवर बसून हसणाऱ्या चार मुली होत्या आणि मागे क्षितिजापर्यंत भात उभे होते. त्या मुली कोण हे सांगणारे घरात कोणी उरले नव्हते. पेटी रद्दीवाल्याकडे गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा फक्त तिचे झाकण अंगणात पडलेले होते. तेव्हापासून जपानी ठशाचे कोणतेही चित्र पाहिले की आम्हांला त्या चार मुली आठवतात.

जपानचे ठसे जगाला मोलाचे वाटले ते त्यांची निर्मिती थांबत आल्यावर. व्हॅन गॉगने १८८७ साली हिरोशिगेच्या पावसाची तैलरंगात नक्कल केली, तेव्हा तोक्योत छायाचित्रे आणि शिळाछाप आले होते आणि कोरक्यांच्या हातांचे काम कमी होऊ लागले होते. स्वस्त कागदाचे नशीबच तसे असते; त्याची किंमत कळेपर्यंत तो बहुधा उरत नाही. वाचकहो, आपल्या माळ्यावर अशी पेटी असेल तर ती या सुट्टीत खाली काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवा, प्रत्येक छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने नावे लिहून घ्या, गाव आणि साल लिहा. देवघरातील चित्र आपण जपतोच. विहिरीवर बसून हसणाऱ्या मुलींचे चित्रही जपण्याजोगे आहे, कारण मागचे ते भाताचे शेत देवानेच दिलेले होते आणि ते आता दुसरीकडे कोठेच पाहायला मिळणार नाही.